ठाणाकुशनूर गप्प बसलं तेव्हा

वैष्णवीला गळा फाडून ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायची बंदी तर तिनंच घातलेली.

खेळाडूचं मन ऐन खेळात कसं वागतं, यावर तिची पीएचडी चालली होती. त्यासाठी कलबुर्गीहून ती वर्षभर ठाणाकुशनूरला खेटे घालत होती, ते ज्योतीसाठी. खो-खोत ही पोरगी म्हणजे निव्वळ वारं. बाहेरगावी पळती करायला उतरली की पाठलाग करणाऱ्यांच्या तोंडाला फेस यायचा. पण आपल्या गावच्या माणसांसमोर तिच्या पायांना काय व्हायचं कोण जाणे, दोन हुलकावण्या दिल्या न दिल्या की बाद!

वैष्णवीनं तिच्या छातीला ठोके मोजायचा पट्टा बांधला. आकडा फोनवर दिसायचा. गावच्या मैदानात "आमची वाघीण! गावाचं नाव काढणार!" अशी आरोळी उठली की तो आकडा टुणकन वर. पुन्हा पुन्हा तेच! हे ध्यानात आलं त्या दिवशी वैष्णवी आनंदानं जेवायचं विसरली. पोरीला परक्यांची भीती नव्हतीच, तिला आपल्याच माणसांचा गलका बाधत होता.

आणि आता राज्याच्या संघाची निवड औरादला, घरापासून हाकेच्या अंतरावर. सगळं गाव लोटणार हे ठरलेलं. पुढच्या वर्षी ज्योती वयात बसणार नव्हती, म्हणजे जे काही व्हायचं ते यंदाच. म्हणून वैष्णवीनं देवळापुढं गाव गोळा केलं आणि हात जोडून सांगितलं, "मैदानावर कुणीही एक शब्द काढायचा नाही."

"आपल्या लेकरासाठी एवढं न्हाई का करणार?" खो-खो शिकवणारे उद्धवराव सर म्हणाले. "शास्त्राचं काम हाय. सगळ्यांनी तोंडं बंद."

गावानं शास्त्र असं काही मनावर घेतलं की विचारता सोय नाही. निवडीच्या दिवशी औरादच्या मैदानावर गड्यांनी तोंडाला रुमाल लावले, बायकांनी पदर दातात धरले. कुणाला खोकला आला तर तो उठून पार रस्त्यापर्यंत जाऊन खोकून यायचा. ते बघून शेजारच्या गावची माणसंसुद्धा हळू आवाजात बोलायला लागली. वैष्णवी खूश!

ज्योती मैदानात आली. तिनं गावाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती धावत वैष्णवीजवळ आली.

"अक्का, कोण गेलं?"

"कोण गेलं म्हणजे?"

"खरं सांगा. मयताला बसल्यागत बसलेत सगळे. कोण गेलं आमच्यातलं?"

"अगं कुणी नाही! मीच सांगितलंय गप्प बसायला. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? सगळ्या गावानं?" तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिल्या पाळीत ती नीट पळालीसुद्धा नाही. खांबाजवळ गोंधळली, वळली, आणि सरळ पाठलाग करणारीच्या हातात गेली.

"मॅडम," उद्धवराव सर दबक्या आवाजात म्हणाले, "तुमचं शास्त्र पोरीला घेऊन बुडायलंय की!"

वैष्णवीचा जीव गलबलला. दुसऱ्याच्या लेकराचं वर्ष आपण आपल्या शहाणपणापायी वाया घालवलं, दुसरं काही नाही. आता एकच पाळी उरली होती. ज्योती खाली मान घालून पुन्हा उभी राहिली, आणि धावायच्या आधीच फोनवरचा आकडा वर चाललेला.

अन् त्या भयाण शांततेत वच्छलाबाई आल्या. ज्योतीची माय. आजवर लेकीचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता, शेतातून सवड कुठली? आज औरादचा बाजार होता म्हणून मेथीच्या जुड्या विकून थेट इकडं आल्या होत्या. देवळापुढचा हुकूम त्यांच्या कानावर गेलेलाच नव्हता. रिकामं टोपलं कमरेवर धरून त्यांनी अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"ए ज्योते! कामून मान खाली घालून उभारलीस? सकाळी म्हशीला पाणी दाखव म्हणलं, ते बी न्हाई केलीस! पळायला आलीस का झोपायला?"

सगळ्या माना वैष्णवीकडं वळल्या. वैष्णवी फोनकडं बघत राहिली. आकडा भराभर उतरत होता! मान वर करून पाहते तर ज्योती हसत होती, चक्क खदाखदा.

वैष्णवी बाकावर चढली. "बोला! सगळे बोला! कौतुक नको, घरी बोलता तसं बोला!"

मग काय विचारता! तासाभराचं तुंबलेलं गाव एकदम फुटलं.

"अगं ए बहिरे, मागं बघ!"

"जेवली न्हाईस का?"

"कोंबडी बी तुझ्यापेक्षा चपळ हाय की गं!"

आणि ज्योती पळाली. आत शिरली, बाहेर निसटली, खांबाला गिरकी घेऊन तिनं पाठलाग करणारीला तोंडघशी पाडलं. एक दमली, दुसरी आली, तीही दमली. शेवटी ती बाद झाली ते निव्वळ थकून. निवड करणारे तर लिहायचं सोडून बघत राहिले होते.

"काय झालं गं तुला?" पाणी देताना वैष्णवीनं विचारलं.

"वाघीण म्हणले की पोटात गोळा येतो, अक्का. हरले तर तोंड कसं दाखवू वाटतं. माय वरडली तर काय, रोजचंच हाय. हरले तरी वरडंल, जिंकले तरी वरडंल."

वर्षभर वैष्णवीनं ठोके मोजले होते. लोक काय ओरडतात ते मात्र ऐकूनही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी नावं वाचली. ज्योतीचं नाव पहिल्या तिघींत होतं. उद्धवराव सरांनी टोपी हवेत उडवली, गाव नाचायला लागलं. ज्योती मायसमोर जाऊन उभी राहिली. वच्छलाबाईंनी तोंड उघडलं, पण एक शब्द बाहेर येईना. डोळे भरले. ज्योतीचा चेहरा पुन्हा उतरला. पट्टा अजून छातीवरच होता, आणि वैष्णवीच्या हातातला आकडा पुन्हा चढायला लागला.

"माय," ज्योती कळवळून म्हणाली, "वरड की गं."

वच्छलाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"गुडघे बघ," त्या कशाबशा म्हणाल्या, "केवढे फोडून घेतलीस, भवाने."

आकडा खाली आला.