प्रश्न सातवा, उत्तर ब

मी एक जुना प्रश्न आहे. दचकू नका, मित्रांनो. मी रस्त्याचा किंवा पाण्याचा प्रश्न नाही. त्यांचं वय माझ्याहून पुष्कळ जास्त आहे. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ऑनलाइन चाचणीतला सातवा प्रश्न. वय वर्षं चार. मोबाइलच्या दुनियेत एवढ्या वयाला म्हातारपणच म्हणतात.

माझा जन्म एका चुकीतून झाला. चारुलता मॅडम नव्यानं डॉक्टर झाल्या होत्या, तेव्हा जानेफळच्या सुभद्राबाई एका सकाळी त्यांच्याकडे आल्या. पोटात कळा, घसा धरलेला. अंगावर ना जखम, ना सूज. मॅडमनी पित्ताची गोळी दिली. दुपारपर्यंत बाईंच्या पापण्या मिटू लागल्या, श्वास अडकू लागला. जमिनीवर झोपलेल्या बाईंना मण्यार चावून गेली होती. या सापाचे दात इतके बारीक, की झोपलेल्याला कळतही नाही. सुभद्राबाई वाचल्या, पण अकरा दिवस यंत्राच्या श्वासावर होत्या.

पुढे मॅडम शिकवू लागल्या आणि त्यांनी मला लिहिलं. हीच लक्षणं आणि चार पर्याय. अ, पित्त. ब, मण्यारचा दंश. क, मूतखडा. ड, अपेंडिक्स. त्यातला 'अ' त्यांचा स्वतःचा होता, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आमची चाचणी दर शुक्रवारी. "याचे मार्क कुठेही धरणार नाही," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुमचं कुठं अडतं, तेवढं मला कळू द्या." त्या वर्षी साठांपैकी एकेचाळीस जण चुकले. मॅडमनी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि तासभर मण्यार शिकवली. एकेचाळीस चुकांनी मी धन्य झालो!

मग पोरांचा मोबाइलवरचा ग्रुप आला. शिवम नावाचा मुलगा मोठा दिलदार. जुन्या बॅचकडून उत्तरं मिळवायचा आणि सगळ्यांना वाटायचा. "७-ब." मला उघडायच्या आत माझं उत्तर हजर! साठच्या साठ बरोबर. यांना हे येतंय, असं समजून मॅडमनी मण्यारचा तास गाळला. मला कुणी वाचेनासं झालं. देवळातली घंटा वाजवावी तसं येता-जाता बोट लावून पोरं पुढं जायची. फार वाईट वाटायचं. पण काय करणार, प्रश्नाला विचारता येतं, सांगता येत नाही.

एका शुक्रवारी निशिगंधा नावाच्या मुलीनं ग्रुप उघडलाच नाही.

"काऊन वं, पाहून घे ना," शिवम म्हणाला. "सारे पाहून राह्यले."

"मले वाचू दे. मले खरंच येते का नाही, ते तं समजू दे."

तिनं मला दोनदा वाचलं आणि 'अ' निवडला. एकोणसाठ हिरव्या खुणा, एक लाल. ग्रुपवर हशा पिकला. मी मात्र त्या एका लाल खुणेवर जीव ओवाळून टाकला.

मॅडमनी बोलावलं तेव्हा ती रडवेली झाली होती. "चुकलं, मॅडम."

"चुकलंच. पण बाकीच्यांना चार सेकंद लागले आणि तुला दोन मिनिटं. प्रश्न तू एकटीनंच वाचलास." मॅडमनी त्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "हाच 'अ' मीही दिला होता. चाचणीत नाही, जित्याजागत्या बाईला." आणि त्यांनी सुभद्राबाईंची सगळी हकिगत सांगितली.

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी तीच चाचणी पुन्हा ठेवली आणि माझे पर्याय गुपचूप खालीवर केले. ग्रुपवर "७-ब" गेलंच. एकोणसाठ भावी डॉक्टरांनी बिनदिक्कत मूतखडा निवडला! मॅडम रागावल्या नाहीत, आधी पोटभर हसल्या. मग दोन तास मण्यार शिकवली, आणि त्या दिवशी शिवमनंही वही काढली.

श्रावणात एका सकाळी अमडापूरच्या कडूबांना त्यांच्या पत्नी आशाबाई दवाखान्यात घेऊन आल्या. "पोट लय दुखून राह्यलं," कडूबा कण्हत म्हणाले. गर्दी बरीच होती. ड्यूटीवरचे डॉक्टर पित्ताचं औषध लिहू लागले. निशिगंधा तिथं शिकायला उभी होती आणि मी तिच्या ॲप्रनच्या खिशात, मोबाइलमध्ये.

"काका, रातच्याले कुठं झोपले होते?" तिनं विचारलं.

"खालीच, बाई. गरम होऊन राह्यलं होतं."

"वर पाहा बरं."

कडूबांनी पाहिलं, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या.

"सर, यायच्या पापण्याच उचलून नाही राह्यल्या!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. विषावरचं औषध लगेच सुरू झालं. सहाव्या दिवशी कडूबा आपल्या पायांनी घरी निघाले.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला उसनं बरोबर उत्तर देऊ नका, तुमचं स्वतःचं चुकीचं द्या. माझ्यासमोर चुकलात तर कुणाचं काही जात नाही. त्यासाठीच तर मला केलंय.

निघताना आशाबाईंनी निशिगंधाचा हात धरला. "पोरी, तुहा तं पयला नंबर येत असन."

"नाही मावशी," ती म्हणाली, "ह्या प्रश्नात तं मी एकटीच चुकली होती."