बोलता तसे लिहा

हिंमतरावांनी प्रश्न विचारला, तेव्हा मीटिंगच्या खोलीत नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांच्या हवेचा वास साचला होता. आंबूस, घशाशी येऊन थांबणारा. पंखा फिरत होता आणि वारा कुणाला लागत नव्हता. टेबलाच्या टोकाशी कामगार सुभानराव बसले होते. कोपरापर्यंत पट्टी बांधलेला उजवा हात, दुसऱ्या कुणाची ठेव सांभाळावी तसा, त्यांनी मांडीवर ठेवला होता.

"बोला ना, पूर्णिमाबेन," कारखान्याचे मॅनेजर हिंमतराव पुन्हा म्हणाले. "तुमच्या प्रोग्रॅममध्ये काही खोट? नसेल, तर चूक माणसाची. म्हणजे सुभानरावांना आजपासून घरी बसवायचं. शेठ फोनची वाट बघतायत."

पूर्णिमाने शेजारी बसलेल्या थोरल्या भावाकडे पाहिले. बाळकृष्णाने डोळ्यांनीच खुणावले: नाही म्हण, आणि सुटू या.

प्रोग्रॅम बनवणारी कंपनी दादाची होती. पण त्या प्रोग्रॅमला भाषा शिकवली होती तिने. कित्येक महिने ती इथल्या कँटीनमध्ये बसून कामगारांची वाक्ये टिपत होती. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही एकाच घासात. माणसाने रोजच्या बोलीत संगणकावर लिहावे आणि संगणकाने त्याचा हेतू ओळखून व्हॉल्व्ह उघडावा किंवा मिटावा, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. 'बोलता तसे लिहा' अशी पाटी दादाने कारखान्यात जागोजागी लावली होती. या खोलीतही ती होती, नेमकी हिंमतरावांच्या डोक्यामागे.

सुभानराव बोलतात तसेच लिहून बसले होते. गेल्या आठवड्यात दोन रिअ‍ॅक्टर, म्हणजे वाफेवर रसायने तापवायच्या बंद टाक्या, एकदम तापत असताना त्यांनी लिहिले, 'स्टीम बंद कर.' कोणत्या रिअ‍ॅक्टरची, ते लिहिले नाही. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला ते कुणी सांगतही नाही. संगणकाने आपल्या मनाने पहिला निवडला. दुसरा तापत राहिला, उतू गेला, आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवायला धावलेल्या सुभानरावांचा हात पोळून निघाला.

अशा वेळी प्रोग्रॅमने थांबायचे होते. विचारायचे होते: कोणत्या रिअ‍ॅक्टरची? तो प्रश्न पूर्णिमाने स्वतः लिहिला होता. जमवलेल्या साऱ्या शब्दांपेक्षा तिला तो एक प्रश्न मोलाचा वाटे. आपल्याला कळले नाही, हे कबूल करण्याइतके शहाणपण तिने एका यंत्राला दिले होते. आज सकाळी इथला संगणक उघडला, तेव्हा प्रश्न जागेवर नव्हता. मुळापासून छाटलेला.

"दादा, हे काय?" तिने विचारले होते.

"नंतर बोलू."

ते 'नंतर' आता येऊन ठेपले होते.

"खोट आहे की नाही, ते तुम्हीच पाहा," म्हणत पूर्णिमा उठली. कोपऱ्यातला संगणक केवळ शिकवण्यापुरता होता. त्याच्या तारा कारखान्यापर्यंत पोचत नव्हत्या. "समजा, दोन्ही रिअ‍ॅक्टर चालू आहेत. दुसऱ्याची वाफ बंद करायची आहे. लिहा."

"मला कुठे टायपिंग येतं, बेन?"

"बोलता तसं लिहायचंय, साहेब. पाटी आहे ना मागे."

हिंमतरावांनी एका बोटाने अक्षरे दाबली: 'स्टीम बंध करी दे.' पडद्यावर तत्क्षणी उमटले: रिअ‍ॅक्टर एक, वाफ बंद.

"अरे, पण मी तर दोन नंबरचा..."

"नंबर तुम्हीही लिहिला नाहीत," पूर्णिमा म्हणाली. "मग तुम्हालाही घरी बसवू या?"

"पूर्णे, आवाज!" बाळकृष्ण दबक्या स्वरात म्हणाला.

"आवाजाचं काय घेऊन बसलास? माणसाला सांगायचं, मोकळेपणी बोल. आणि बोलला की त्याचीच जीभ दावणीला बांधायची? प्रश्न कुणी काढला, दादा?"

बाळकृष्णाने हिंमतरावांकडे पाहिले.

"शेठना दाखवलं त्या दिवशी मशीन सारखं उलट विचारत होतं," हिंमतराव चष्मा पुसत म्हणाले. "शेठ म्हणाले, मी नोकर विकत घेतोय की सासू?" ते हसले, एकटेच. "म्हणून मीच बाळकृष्णभाईंना म्हटलं, काढून टाका."

"आणि तू काढलास."

"हातातलं काम गेलं असतं, पूर्णे. तुला काय कळतंय त्यातलं?"

कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या धुराड्यावर भर दुपारीही एक ज्योत जळत असते. उन्हात ती दिसत नाही, फक्त तिच्याभोवतीची हवा थरथरते. पूर्णिमाच्या कानशिलांशी तशी हवा थरथरू लागली. टेबलावरचा फोन उचलून तिने तो हिंमतरावांसमोर आदळला.

"लावा फोन. प्रश्न काढला म्हणून हात भाजला, असंच सांगा. नाहीतर मी सांगते. दादाची कंपनी राहो नाहीतर बुडो."

हिंमतरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फोन लावला. थोडे गुजरातीत, थोडे अजिजीने, पण सांगितले खरे ते. फोन ठेवून ते म्हणाले, "शेठ चिडलेत. पण ठीक छे. सुभानराव, हात बरा झाला की कामावर या. फक्त यापुढे नंबर लिहीत चला."

सुभानराव उठले. सकाळपासून त्यांच्या बाजूने आणि त्यांच्याविरुद्ध इतके बोलले गेले होते, आणि त्यांना मात्र कुणीही काही विचारले नव्हते. पूर्णिमाला ते आत्ता जाणवले, आणि तिच्या रागाची धार क्षणभर तिच्याच अंगावर फिरली.

"प्रश्न मी आजच परत बसवतो, काका," बाळकृष्ण लगबगीने म्हणाला. "याल ना कामावर?"

सुभानरावांनी पाटीकडे पाहिले. मग एकेकाच्या तोंडाकडे. पूर्णिमा दार धरायला पुढे झाली, पण त्यांनी डाव्या हाताने ते आधीच ओढले होते.

"सुभानराव, याल ना?" तिने विचारले.

व्हरांड्यातल्या उन्हातून ते फाटकाकडे चालू लागले. पट्टीचा हात त्यांनी छातीशी धरला होता, आणि मागे वळून त्यांनी पाहिले नाही.