तीन पाण्यांनी धुतलेली टाकी

कालिंदीने पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाशी नाक नेले आणि डोळे मिटून श्वास आत ओढला. धुण्याच्या सोड्याचा वास होता, ओल्या लोखंडाचा होता. पेट्रोलचा नव्हता. तिने टाकी तिरपी केली, तेव्हा गंज खरवडायला आत टाकलेले खडे खडखडत एका कोपऱ्यात गेले आणि तांबूस पाण्याची शेवटची धार मोरीत उतरली.

"तीन पाण्यांनी धुतली," ती म्हणाली. "दर वेळी उकळता सोडा. तुम्हीच वास घेऊन बघा."

निताई मिस्त्री उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला होता. दोन दिवसांपूर्वी त्यानेच ही टाकी तिच्या दारातल्या जुन्या मॉरिस गाडीखालून सोडवली होती. गंजाने तळाची चाळण झाली होती. पेट्रोल ठिबकायचे, आणि गंजाचा चुरा नळीत अडकून गाडी भर रस्त्यात बंद पडायची.

"वासाचं काय घेऊन बसलात, दिदिमणी," तो आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाला. "टाकी म्हणजे सासू. वरून थंड दिसते. मी तीन दिवस पाणी भरून उन्हात ठेवतो. भोकं झाळून डाग देतानाही आत पाणी असतंच. माझा बाप असंच करायचा."

"तीन दिवस कुठून आणू? गाडी विकलीय, उद्या न्यायला माणूस येणार. शुक्रवारी आमचं सामान नागपूरला निघतंय." ती हसली. "आणि आत पाणी असलं की पत्रा तापतच नाही. म्हणून तर तुमचे डाग महिन्याभरात सुटतात."

निताई ओशाळला. कालिंदी कॉलेजात रसायन शिकवते हे भवानीपुरातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते; म्हणूनच ती सगळ्यांची दिदिमणी, शिकवणाऱ्या बाई, होती. त्याची मुलगी तिच्याच शिकवणीवर मॅट्रिक झाली होती.

"मग पाणी नको?"

"कोरडीच घ्या. काही होणार नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," असे म्हणत त्याने टाकी खांद्यावर घेतली. वास त्याने घेतलाच नाही.

दुपारी तीनच्या सुमारास ती पुस्तके खोक्यात भरत असताना आवाज झाला. एकच, ठासून भरलेला. समोरच्या घराची खिडकी लागली, मग शेजारची, मग वरची. एकाहत्तर साल होते; नक्षलवादी पोरांच्या बाँबांची गल्लीला आता सवय झाली होती. बाँब फुटला की लोक आधी खिडक्या लावत, मग घरातली माणसे मोजत, आणि कोणी काही पाहिलेले नसे. कालिंदीनेही उठून खिडकी लावली, कडी सरकवली. मग कडीवरचा हात तसाच राहिला.

गंजाचे पापुद्रे. एकावर एक बसलेले, सांध्यात घट्ट दबलेले. त्यांच्या आड पेट्रोल मुरून राहते. पत्रा थंड असेपर्यंत वाससुद्धा येत नाही, तापला की सगळे एकदम बाहेर येते. वायू शोषून धरणाऱ्या कोळशाचे उदाहरण घेऊन ती हे दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना शिकवत असे.

जिना उतरायला आपल्याला किती वेळ लागला, ते तिला नंतर कधीच सांगता आले नाही. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा पोलिसांची जाळीची गाडी निताईला घेऊन गेली होती. त्याच्या पत्र्याच्या शेडला आतून फुगवटा आला होता. दारात शिपाई उभा होता.

"बाँब बांधत होता म्हणे," पानवाला मान वर न करता म्हणाला. "पन्नाशीचा माणूस! कोणाचं काय सांगावं?"

"ती टाकी होती. पेट्रोलची."

"दिदिमणी," तो तितक्याच हळू म्हणाला, "घरी जा."

तिचा नवरा दिगंबर ऑफिसातून आला तेव्हा त्याच्या कानावर काहीबाही आलेच होते. तिने सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर त्याने विचारले:

"जिवंत आहे ना?"

"इस्पितळात आहे. उजव्या हाताची बोटं गेली. कॉटशी पोलीस बसवलाय."

"जिवंत आहे ना मग." त्याने चहा बशीत ओतला, पण बशी उचलली नाही. "हे बघ, शुक्रवारी आपण निघतोय. मी केंद्र सरकारचा नोकर. या लोकांना सध्या एक नाव हवं असतं आणि त्या नावाला चिकटवायला एक कारण. रसायनाची प्राध्यापिका! घरात सोड्याच्या पुड्या!"

"अहो, पण कोरडी घ्या असं मीच सांगितलं त्याला."

"त्यानं ऐकलं कशाला? वीस वर्षं टाक्या झाळतोय तो."

"मी सांगितलं म्हणून ऐकलं."

दिगंबरने बशी सरकवली. "तो तुझं नाव घेईल तेव्हा बघू."

मग दोघेही त्या नावाची वाट पाहत बसले. कोणी आले नाही.

सकाळी साडेदहाला ती पोलीस ठाण्यात गेली. अधिकारी तरुण होता, बोलण्याचालण्यात नम्र. टेबलावर चिठ्ठी बांधलेला पत्र्याचा तुकडा पडला होता. त्यावरचा सांधा तिने लगेच ओळखला.

"निताई दासच्या तुम्ही कोण?"

"त्यांच्या मुलीला शिकवलंय मी."

"मग ऐका. शुद्धीवर आल्यावर आम्ही त्याला तीनदा विचारलं, टाकी कोणाची? भंगारातून उचलली म्हणतो. गिऱ्हाईक नाही, गाडी नाही, आणि टाकी मात्र आहे! असल्या डब्यांचं हल्ली काय करतात ते आम्हाला कळतं. तुमचा यात काही संबंध नाही, उगाच पडू नका. चहा घ्या आणि जा."

दार उघडेच होते. बाहेरच्या रस्त्यावरून ट्राम घरंगळत गेली. आधी नाव न घेता निताईने तिला जाऊ दिले होते; आता हा देत होता.

"टाकी माझी आहे," कालिंदी म्हणाली. "गाडी आमच्या दारात उभी आहे, टाकीशिवाय. माणूस पाठवून बघा. तळ गंजला होता. मिस्त्री ती तीन दिवस पाणी भरून ठेवणार होते. मी म्हटलं, नको, कोरडीच झाळा. मी धुऊन दिली होती."

"कशानं धुतली?"

"सोड्यानं."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"मीच शिकवते. रसायन. कॉलेजात."

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिले. निताईचे नाव लिहिलेला कागद बाजूला सारून त्याने कोरा कागद पुढे घेतला आणि शिपायाला बंगालीत काहीतरी सांगितले. शिपायाने उठून दार लोटून घेतले.

"आधी त्यांचं लिहून घ्या," ती म्हणाली. "ते डाग देत होते. एवढंच."

"लिहू ना," तो अगदी सौम्यपणे म्हणाला. "आधी तुमचं पूर्ण नाव. मग पतीचं. मग त्यांचं ऑफिस."

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्याला परक्या भाषेतले नाव नीट लिहिता यावे म्हणून ती सावकाश, एकेक अक्षर सुटे करून सांगू लागली.