जा म्हणणारा हात

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभं आयुष्य बस चालवली. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बस काही त्यांच्यातून उतरली नाही. घरातल्या खुर्चीतून उठायचं असलं तरी आधी मागे वळून बघणार. बघणार म्हणायचं आपलं. दोन्ही बुबुळांवर पांढरं आलं होतं, आणि मी त्यांना हलणाऱ्या डागाएवढीच दिसत होते. हे ते पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. मला त्यात काही हसण्यासारखं वाटत नसे.

त्या सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. आदल्या दिवशी कोणीतरी वारलं होतं आणि जाताना डोळे देऊन गेलं होतं. त्यातलं एक बुबुळ अण्णांना बसवता येणार होतं. दुपारच्या आत पोहोचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल, असं फोनवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं. या फोनची वाट बघण्यात आमचे दोन उन्हाळे गेले होते. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. मशीनच्या सुईखालचा पडदा तसाच सोडला आणि अण्णांना गाडीत बसवलं.

शहर बरंच लांब असताना गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट अंगावर आला. पंख्याचा पट्टा तुटून लोंबत होता. गाडी माझी, तिला गॅरेज दाखवायचं कामही माझंच, तेव्हा चिडायला दुसरं कोणी सापडेना. अण्णा म्हणाले, तू इंजिन बघ, मी मागे जाऊन उभा राहतो. मला ते पटलं. काठी घेतलेला म्हातारा रस्त्यावर उभा दिसला की कोणीतरी थांबेलच, असा माझा हिशोब.

मी टॅक्सीवाल्यांना फोन लावत बसले. एक म्हणाला एवढ्या लांब येत नाही, दुसऱ्याने येतो म्हणून फोन बंद करून ठेवला. हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या, थोडा वेळ थांबू, पण फार नाही. इकडे रस्त्यावरून गाडीमागून गाडी जात होती. जवळ आली की हळू व्हायची आणि मग पुन्हा वेग घेऊन निघून जायची. उघड्या बॉनेटआडून मी एकेकाचा उद्धार करत होते. ही माणसं घरी जाऊन चार घास गिळतात तरी कशी, असंही म्हणून झालं.

शेवटी राहवेना म्हणून मागे गेले, आणि डोक्याला हात लावला.

अण्णा गाडीच्या मागे पाय रोवून ताठ उभे होते. काठी काखेत. उजवा हात मोठमोठे गोल काढत होता : चला, पुढे चला, रस्ता मोकळा आहे. त्याच वेळी एक गाडी हळू झाली, काच खाली गेली, चालकाने काहीतरी विचारायला डोकं बाहेर काढलं. अण्णांना गाडी ऐकू येत होती, डोकं दिसत नव्हतं. त्यांनी डेपोतल्या आवाजात "चला, चला, थांबू नका" म्हटलं, आणि तो भला माणूस मुकाट्याने गेला. त्याच्या मागून एक मोठी व्हॅन आली. तिलाही अण्णांनी मी धावत पोहोचायच्या आत वाटेला लावलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय चाललंय, असं मी विचारलं. बस बंद पडली की ड्रायव्हरने मागे उभं राहून वाहतूक काढून द्यायची, नाहीतर मागून कोणीतरी आदळतं, असं त्यांनी मला नवख्या कंडक्टरला समजवावं तसं समजावलं.

"अण्णा, त्यांना थांबवायचं होतं."

"अनोळखी माणसांना? त्यांनाही कुठेतरी पोहोचायचं असेल की."

"आणि आपल्याला?" मग त्यांच्या लक्षात यायला लागलं. हात हळूहळू खाली आला.

"म्हणजे माझ्याच हाताने घालवलं का गं मी?"

सगळा राग जागच्या जागी विरला. एवढा कसलेला माणूस, आणि आवाज कसा लहान झाला होता. मी म्हटलं, नाही हो, होईल काहीतरी. काय होणार ते मलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात पुढे गेलेली ती व्हॅन उलटी फिरून परत येताना दिसली. माझ्या वयाची एक बाई चालवत होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, बसा. आत गाद्या होत्या, कुठल्याशा हॉटेलात पोहोचवायच्या. हॉटेलवाल्याला तिने फोनवर सांगितलं की गाद्यांना उशीर होईल, आणि तो पुढचं बोलायच्या आत फोन ठेवला.

अण्णांनी चढताना तिला विचारलं, मी जा म्हणत होतो, तरी कशी परत आलीस?

"घरचे रोज बजावतात, अनोळखी माणसासाठी थांबायचं नाही, लुटतात म्हणून," ती म्हणाली. "पण लुटणारा ये म्हणतो, काका. तुम्ही जा म्हणत होतात. वळणापर्यंत गेले आणि वाटलं, ह्या माणसाला भ्यायचं काय कारण?"

पुढे एकाच माणसापुरती जागा होती. तिथे अण्णा बसले, मी मागे गाद्यांवर. शिवण अगदीच वाईट होती, कडा सुटायला आलेल्या. पण त्या दिवशी जगातल्या कुठल्याच शिवणीला नाव ठेवायचा मला हक्क नव्हता. पुढून अण्णांचा आवाज येत होता : चढ आला, गियर बदल. ती निमूटपणे बदलत होती. चढ त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळत होता. माझे डोळे वाहत होते आणि पुसायला समोर गाद्याच गाद्या होत्या, तरी मी पदरच वापरला.

आम्ही वेळेत पोहोचलो. चाकाची खुर्ची दारातच तयार होती. अण्णांना तिच्यात बसवून वळले, तर अँब्युलन्सच्या वाटेत उभी म्हणून शिपायाने व्हॅनला हुसकावलेलं. खिडकीतून एक हात हलला तेवढा दिसला. दोन माणसांनी मिळून माझ्या बापाला डोळा दिला. एकाचं नाव हॉस्पिटल सांगत नाही, दुसरीचं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. रोज दिवा मालवताना मी दोघांची आठवण काढते. नाव नसलं तरी काही अडत नाही.

काही महिन्यांनी शेवटची तपासणी करून त्याच रस्त्याने परत येत होतो. अण्णा वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते, साबणाच्या जाहिरातीसुद्धा. मी वैतागल्याचं दाखवत होते आणि मनातून आणखी पाट्या याव्यात असं म्हणत होते.

मध्येच ते थांबले. "पुढे गाडी बंद पडलीय. बॉनेट वर आहे."

मला अजून काहीच दिसलं नव्हतं.

"बाजूला एक माणूस आहे. हात हलवतोय."

"बोलावतोय?"

अण्णांनी नवा डोळा बारीक केला. "नाही. जा म्हणतोय."

मी ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. अण्णांनी काठी उचलली, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि सवयीने आधी मागे वळून बघितलं.

"थांब," ते म्हणाले, "मागून निळा ट्रक येतोय. तो जाऊ दे, मग उतरू."