पहिल्या दाबाला

"दाब," बाबा गाडीखालून म्हणाले.

मी ब्रेक दाबला.

"धर तसाच."

खाली पाना फिरला आणि माझ्या पायाखालचा ब्रेक चिखलात रुतावा तसा हळूहळू तळाला गेला.

"आता मी म्हनल्याबिगर सोडू नको. आदी सोडलास की हवा आत शिरती." पाना आवळल्याचा आवाज आला. "हां. सोड."

तासभर हेच चाललं होतं. मागच्या डाव्या चाकातल्या ब्रेकच्या रबरातून ऑइल पाझरत होतं, ते बाबांनी दुपारीच बदललं होतं. आता नळ्यांमधलं जुनं ऑइल आणि हवा काढायची, तीही त्याच चाकापासून, कारण ते पुढच्या ब्रेक ऑइलच्या डबीपासून सगळ्यांत लांब. ब्रेकमधलं ऑइल सोडायच्या निपलला मी कामाला जाते त्या मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी लावली होती आणि नळीचं टोक बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये बुडवलं होतं. येत होतं ते काढ्यासारखं काळं, आणि त्यात बुडबुडेच बुडबुडे.

गाडी आमच्या अंगणात होती, पण आमची नव्हती. ती पूर्णा गावातल्या एका शिक्षण संस्थेची. माझे वडील, दत्तराव, अकरा वर्षं तिच्यावर ड्रायव्हर होते. चुडाव्यातून आणि आजूबाजूच्या गावांतून पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, संध्याकाळी घरोघर पोचवायची. शाळेला कुंपण नाही, म्हणून मुक्काम आमच्या लिंबाखाली. अकरा वर्षांत त्याबद्दल कुणी शब्दानं विचारलं नाही. ड्रायव्हरचं अंगण म्हणजे संस्थेचंच अंगण.

दोन वर्षांपासून ब्रेक खाली बसत होता. पहिल्या दाबाला नुसता खाली जायचा, दुसऱ्याला थोडा धरायचा, तिसऱ्याला लागायचा. बाबांनी तोंडी सांगून पाहिलं. मग मी माझ्या हातानं, चांगल्या अक्षरात, चार अर्ज लिहून दिले. चारही बाबांनी ऑफिसात नेऊन दिले. प्रत्येक वेळी मी म्हटलं होतं, पोच घ्या. प्रत्येक वेळी बाबांचं उत्तर एकच. "आपल्याच मानसाकडून काय पोच घ्यायची, बाई? सायेब तुज्या बारशाला जेवून गेलेत."

आता ऑफिस म्हणतं, असा कुठलाही अर्ज आलेला नाही. बारशाचं जेवण मात्र साहेबांना, म्हणजे संस्थेच्या सचिवांना, अजून आठवतं, ते त्यांनी परवा स्वतः काढलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

मंगळवारी सकाळी चुडाव्याच्या रेल्वे गेटवर व्हायचं ते झालं. गाडीत नऊ पोरं होती. गेट खाली येत होतं. बाबांनी एकदा दाबला, दोनदा दाबला, तिसऱ्या वेळीही ब्रेक तळाला गेला. त्यांनी गाडी वळवून रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. पुढचा बंपर चेपला. एका पोराचा ओठ फुटला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. गेटमन म्हणाला, दुसरा कोणी असता तर रुळावर गेला असता.

बुधवारी संस्थेची नोटीस आली. 'चालकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे.' तो अक्षम्य शब्द वाचून मला इतका संताप आला की मी कागद चुरगळला. बाबांनी तो हातानं सरळ करून पत्र्याच्या पेटीत ठेवला.

आणि त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, सचिवांचा फोन आला होता. उद्या सकाळी मुंजाजी येईल, किल्ली त्याच्याकडे द्या, उद्यापासून पोरं तो आणेल. सोमवारी समिती गाडी तपासेल, तेव्हा तुम्ही हजर राहा. मुंजाजी म्हणजे संस्थेच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. फोन ठेवून बाबा सरळ उठले आणि पाने काढायला लागले.

मी त्यांच्या आडवी गेले. "बाबा, हात लावू नका गाडीला. सोमवारी समितीचा मानूस पाय ठिवल आन ब्रेक खाली जाईल. सगळं आपसूक कळल. तुमी आज नीट केला की तुमचं खरं कशावरून धरतील?"

"आन उद्या? परवा?"

"उद्याचं काय?"

"शुक्रवार-शनिवार पोरं कशात बसतील?"

"मुंजाजीकाकाला सांगा की, तीनदा मारा म्हनून."

"सांगून पाय शिकत नसतो, बाई. माज्या पायाला दोन वर्षं लागली. आन तरीबी मंगळवारी काय झालं?"

राग मी गिळला नाही. मी म्हटलं, तुमच्या नावाला काळं फासलंय त्यांनी, आणि तुम्ही त्यांचीच गाडी दुरुस्त करायलात. लाज कुणाला वाटायला पाहिजे? बाबांनी पाना उचलला. मग एवढंच म्हणाले, "गाडी त्यायची हाय. पोरं त्यायची न्हाईत."

मी मोबाइलवर व्हिडिओ तेवढा काढला. ब्रेक तळाला जाताना, काळं ऑइल निघताना, तारखेसकट. आणि चप्पल काढून गाडीत बसले.

मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, मग पुढची दोन्ही. मधूनमधून बाबा बाहेर येऊन डबीत नवं ऑइल ओतत होते, डबी रिकामी पडली तर सगळी मेहनत पुन्हा. एक थेंब रंगावर सांडला तर त्यांनी तांब्याभर पाणी ओतून लगेच धुतला, कारण हे ऑइल रंग खातं. ज्या संस्थेनं त्यांना अक्षम्य म्हटलं, तिच्या गाडीचा रंग जपत होते. मला रडू आलं ते तिथं.

शेवटी नळीतून मधासारखं स्वच्छ ऑइल आलं. बुडबुडा नाही.

"आता दाब."

मी दाबला. ब्रेक अर्ध्यात येऊन दगडासारखा थांबला.

सोमवारी शाळेसमोर समिती जमली. तीन माणसं आणि सचिव. सचिव स्वतः गाडीत बसले, त्यांनी बुटानं ब्रेक दाबला, मुंजाजीकाकाला एक फेरी मारायला लावली. मग खाली उतरून म्हणाले, "अहो दत्तराव, ब्रेक तर पहिल्या दाबाला लागतो."

"मी केला सायेब. गुरुवारी. पोरं बसनार व्हती."

"कुणाच्या परवानगीनं?"

मी पुढे होऊन मोबाइल दाखवला, काळ्या ऑइलची बाटली दाखवली. एक सदस्य म्हणाले, "निपल ढिलं केलं की कुठलाही ब्रेक खाली जातो, ताई. आणि हे ऑइल कुठल्याही गाडीचं असू शकतं." मी अर्जांचा विषय काढला. "पोच आहे का?" सचिवांनी विचारलं, अगदी गोड आवाजात. त्यांना माहीत होतं, पोच नाही. दोन वर्षं अर्ज दाबून बसलेली माणसं अशी नामानिराळी झाली, आणि ज्यानं नऊ पोरं वाचवली त्याच्यासमोर त्यांनी ऑफिसच्या टेबलावर चूक कबूल करून नोकरी सोडल्याचा कागद सरकवला.

मी म्हटलं, "बाबा, सही करू नका."

बाबांनी कागद सावकाश वाचला. पेन घेतलं आणि सहीच्या आधी स्वतःच्या वाकड्या अक्षरात एक ओळ लिहिली. 'ब्रेक खराब होता. मी दुरुस्त केला.' मग खाली सही केली. आणि टेबलावरून उठण्याआधी म्हणाले, "ह्याची पोच द्या."

सचिवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण शिक्का मारून प्रत द्यावी लागली. नोकरी गेली ती गेलीच.

परत येताना मी स्कूटी चालवत होते, बाबा मागे बसले होते. शर्टाच्या खिशात तो कागद होता. शाळा सुटली होती आणि आमच्या पुढेच गाडी चालली होती, मागच्या काचेत पोरांची दप्तरं दिसत होती. एका पोरानं बाबांना ओळखलं आणि काचेला हात लावला.

चुडाव्याचं गेट खाली यायला लागलं. माझ्या पाठीमागे बाबांचा उजवा पाय स्कूटीच्या पायदानावर दाबला गेला, त्यांचा गुडघा माझ्या मांडीला लागला. एकदा. दोनदा. तीनदा.

पुढची गाडी गेटच्या चांगली अलीकडे, जागच्या जागी उभी राहिली होती.

"लागला," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पाय सैल सोडला.