उपाहारगृहातली मतदानाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे, विजेवर वाजणारी. मला ऐकून पूर्वी मुले पळत नसत, पळायचे ते चांगले जाडजूड खासदार. संसदेच्या तळमजल्यावरच्या उपाहारगृहात, चहाच्या शेगडीच्या अगदी वर माझी जागा होती.

कारागिराने मला घडवून पहिल्यांदा वाजवले, तेव्हा त्याच्या मांजराने खिडकीतून बाहेर उडी मारली. तो भलताच खूश झाला. वर सभागृहाच्या दारावर माझी थोरली बहीण होती. आम्ही दोघी एकाच तारेने जोडलेल्या, त्यामुळे वरची बित्तंबातमी मला खाली कळायची. मतदान जाहीर झाले की आम्ही मिळून वाजायचो, आणि आम्ही थांबलो की दरवाजे बंद. मग बाहेर प्रधानमंत्री असोत की कालच निवडून आलेला खासदार, द्वारपाल कुणालाही आत घेत नसे. देशाचे कायदे करणाऱ्यांना जिना चढायला लावणारी मी. मिजास होती मला, खोटे कशाला बोलू?

आचारीकाकांचे आणि माझे मात्र जमत नसे. मी वाजले की ते दचकायचे आणि चहा सांडायचा. एकदा तर अख्खी किटली पायावर आली. त्या दिवशी वैतागून त्यांनी माझ्या हातोडीपुढे एक फडके कोंबले. नेमके दुसऱ्याच दिवशी बाईंच्या विधेयकावर मतदान होते.

बाई म्हणजे नदीकाठच्या गावातल्या शिक्षिका. निवडून आल्यावरही सगळे त्यांना बाईच म्हणत, प्रधानमंत्रीसुद्धा. त्यांच्या गावाची मुले एका राज्यात राहत आणि शाळा नदीपलीकडे दुसऱ्या राज्यात. होडी हवी म्हटले की हे राज्य त्या राज्याकडे बोट दाखवी आणि ते याच्याकडे. पावसाळ्यात मुले घरीच बसत. दोन राज्यांमधली नदी, म्हणून बाईंनी केंद्राच्या संसदेतच कायदा मांडला. मंत्रिमंडळाचे म्हणणे पडले की राज्यांचे भांडण राज्यांनीच मिटवावे. त्यामुळे मंत्री विरोधात मत देणार होते.

मतदान पुकारले गेले तेव्हा प्रधानमंत्री आणि अर्थमंत्री माझ्याच खाली चहा पीत होते. मी जिवाच्या आकांताने वाजले, पण तोंडातून नुसते ठप ठप. दोघे बोलतच राहिले. वर दरवाजे बंद झाले आणि बाईंचे विधेयक एका मताने मंजूर झाले.

बाई आनंदाने चहाला खाली आल्या. आपण गप्पांत रमलो, चूक आपलीच, असे म्हणत ते दोघे निघून गेले होते. आचारीकाकांचा चेहरा मात्र पडला होता. त्यांनी फडके काढून बाईंना दाखवले आणि हळूच म्हणाले, "बाई, हे तुम्हाला अन् मलाच ठाऊक आहे. गप्प राहा. पोरांना होडी मिळते आहे ना?"

बाईंनी ते फडके हातात घेतले. मला तर रडूच येत होते, कारण मलाही ती होडी हवी होती.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमची होडी फडक्यावर चालते, असं सांगू का पोरांना?"

आणि त्या तडक सभागृहाच्या अध्यक्षांकडे गेल्या. झाला प्रकार सांगून त्यांनी पुन्हा मतदान मागितले.

या वेळी मी अशी वाजले की हातातला चहा सोडून सगळे पळाले. प्रधानमंत्री धापा टाकत आत पोहोचले आणि उभे राहिले. "हातात आलेलं यश परत करणारं माणूस मी इथं पहिल्यांदाच पाहतोय," ते म्हणाले. "आमच्या पक्षातल्या प्रत्येकानं आज आपल्या मनाप्रमाणे मत द्यावं." सर्वांत आधी त्यांचाच हात वर गेला. अर्थमंत्री तेवढे विरोधात राहिले, आणि तो त्यांचा हक्कच होता. विधेयक भल्यामोठ्या बहुमताने मंजूर झाले. खाली काकांनी सगळ्यांना फुकट चहा पाजला.

तेवढ्यावर भागले नाही बरे का. राज्यांच्या प्रतिनिधींचे दुसरे सभागृह म्हणाले, धक्का केंद्राने बांधावा, होडी दोन्ही राज्यांनी मिळून चालवावी. बाईंना ते पटले आणि आमच्या सभागृहालाही. मग राष्ट्रपतींची सही झाली. पुढे कुणीतरी न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी कायदा राखला, पण शाळेच्या वेळा ठरवणारे कलम काढून टाकले, कारण ते काम राज्यांचे. बाई हसून म्हणाल्या, मास्तरणीची खोड, जाते कुठे? एवढ्या मोठ्या घरात कुणीच एकटा मालक नाही, हे मला तेव्हा कळले आणि माझी मिजास जरा उतरली.

पुढे नव्या घंटा आल्या आणि मी अडगळीत पडले. अंगावर हिरवी पुटे चढली. पण बाई मला विसरल्या नव्हत्या. त्यांनी रीतसर मागून मला आणले, चिंचेने घासले आणि नदीच्या धक्क्यावर टांगले. आता रोज सकाळी मी वाजते आणि दप्तरे सावरत मुले पळत येतात. आचारीकाका निवृत्त झाल्यावर होडीत बसायला आले होते. मी वाजले, तशी त्यांनी सवयीने आधी हातातली पिशवी सांभाळली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादी घंटा फार कर्कश वाटली तर खुशाल कानांवर हात ठेवा, पण तिच्या तोंडात फडके कोंबू नका. चला, होडी भरली. मला वाजायला हवे.