करपलेला ट्रे

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या बेकरीत पाव घ्यायला येणारं शेंबडं पोरही सांगेल. पीठ सैल मळलं, भट्टीचं दार जरा जास्त उघडं राहिलं, की मी सुरू. बायको म्हणते, भट्टी तरी विझते, तुम्ही विझत नाही.

तर माझ्या यकृतात विषाणू निघाला. तेव्हा त्यावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. दर शनिवारी पोटात इंटरफेरॉनची सुई, अठ्ठेचाळीस आठवडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आपलं शरीर स्वतःही बनवतं. विषाणू शिरला की एक पेशी बोंब मारते आणि शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. आपण ती बोंब वाढवतोय. पण वर्षभर बोंब ऐकून घरमालकाचंही डोकं फिरू शकतं. चिडचिड झाली, उदास वाटलं, तर लगेच सांगा."

"चिडचिड ओळखायची कशी?" बायकोने विचारलं. "यांची तर बारमाही."

शनिवारी सुई, रविवारी ताप, सोमवारी भट्टी. तिसऱ्या महिन्यात रक्तातला विषाणू पार खाली आला. मी खूश व्हायला हवं होतं, पण मला काही वाटेनासंच झालं. पीठ हातात घेऊन नुसता उभा राहायचो. रडू यायचं, कशाचं ते कळायचं नाही. सांगितलं तर सुया बंद करतील आणि विषाणू पुन्हा डोकं वर काढेल, या धास्तीने मी तोंडाला कुलूप लावलं.

एका मंगळवारी बायकोने भट्टीतून ट्रे काढला. पावांचा कोळसा झाला होता. तो माझ्यापुढे ठेवून ती बघत राहिली.

"असू दे," मी म्हटलं. "होतं कधी कधी."

तिने एप्रन सोडला. "चला डॉक्टरांकडे. सत्तावीस वर्षांत तुम्ही 'असू दे' म्हणाला नाहीत."

तिथे माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी आधी लपवल्याबद्दल मला झापलं, मग सुईची मात्रा कमी केली, मनासाठी वेगळी गोळी दिली आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. उपचार थांबले नाहीत. हळूहळू पावाचा वास मला पुन्हा आवडू लागला.

सुया संपल्या, वर सहा महिने गेले, आणि शेवटचा अहवाल आला. रक्तात विषाणू नाही. बायको तो कागद घेऊन स्टुलावर बसली. मी भट्टी उघडली, तर अख्खा ट्रे काळाठिक्कर.

मग काय, मी तोंड सोडलं. डोळे आहेत की बटणं, नाक काय शोभेला ठेवलंय, एवढा धूर होईपर्यंत माणूस करतं काय. चांगली पाच मिनिटं बोललो. ती एप्रनने डोळे पुसत ऐकत होती.

"त्या मंगळवारचा ट्रे मी मुद्दाम करपवला होता," ती म्हणाली. "तीन आठवडे तुम्ही ओरडला नव्हतात, जीव घाबरला माझा. आजचा मात्र खरंच विसरले. बोला अजून थोडं."